पांढरीच्या मातीचें घर

गेल्या तीन वर्षांत आम्हीं एक विलक्षण उद्योग केला. जें जें आमच्या वडिलांनीं, चुलत्यांनीं आणि पुढें आम्हीं स्वतः मोठ्या हौसेनें, प्रसंगीं कर्ज काढून, घरांत बसविलें होतें, तें तें तितक्याच हौसेनें आणि त्याहून अधिक खर्च करून आम्हीं काढून टाकलें. गांवांतील वृद्ध मंडळी आमच्या ओसरीवर येऊन बसत, सिमेंटाचा गिलावा छिन्नीखालीं फुटतांना पाहत आणि कांहीं न बोलतां उठून जात. एका सोयऱ्यांनीं तर, "शहरांत राहून यांना पैसा जड झालेला दिसतो," असें आमच्या पाठीमागें, पण आम्हांस ऐकूं येईल अशा बेतानें म्हटलें. त्यांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें होतें असें आज आमच्यानें म्हणवत नाहीं. परंतु जें घडलें तें कसें घडलें, हें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें. कारण ज्यांचें घर खेड्यांत आणि पगार शहरांत आहे अशीं कुटुंबें वाचकवर्गांत पुष्कळ असतील.

हिंगणी हें वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांतील गांव. गांवाच्या पलीकडे बोर नदीवरचें धरण आणि त्याभोंवतीं सागाचें व बांबूचें रान लागतें. हें रान १९७० सालीं अभयारण्य झालें आणि २०१४ सालीं तेथें व्याघ्रप्रकल्प झाला, म्हणून हल्लीं मोटारींतून येणारी मंडळी वाघ पाहण्यासाठीं आमच्या गांवावरून जातात. आमच्याकडील जुन्या लोकांनीं जमिनीचे दोन भाग मानलेले आहेत. पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. हा नुसता बोलण्यांतला अलंकार नव्हे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वैशाखांत हात जाईल एवढ्या भेगा पडून फाटते. तिच्यावर भिंत धड उभी राहत नाहीं आणि तिची भिंतही होत नाहीं. उलट पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या गांवठाणाची माती, पडलेल्या भिंती आणि चुलींची राख पोटांत घेऊन, पांढुरकी आणि शांत झालेली असते. ती तुडवली म्हणजे लोण्यासारखी मऊ होते आणि वाळली म्हणजे विटेशीं स्पर्धा करते. पडलेल्या घराच्या मातींतूनच त्या जागीं पुढच्या पिढीचें घर उठावें, अशी ती रीत. आमचें घर या पांढरीचें आहे.

मालगुजारीच्या अमदानींत तें बांधलें गेलें. दगडी जोतें, त्यावर दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती, सागाचे खांब व तुळया, वर कवेलूंचें छप्पर; पुढें ओसरी आणि तिला लागून कचेरीची बैठक, मध्यें चौक, पलीकडे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, धान्याचें बळद आणि मागें परसांत विहीर व न्हाणी. आमच्या लहानपणीं दुपारच्या उन्हांतून माजघरांत आलें म्हणजे क्षणभर कांहींच दिसत नसे. अंगाला गारवा आधीं कळे आणि वस्तु मागाहून दिसत. १९५१ सालीं मालगुजारी गेली. कचेरीची बैठक रिकामी पडली आणि त्यानंतर घरांत ज्या सुधारणा झाल्या त्या सगळ्या नोकरीच्या पैशानें झाल्या.

या सुधारणांचा इतिहास सांगतांना कोणाची थट्टा करावी असें वाटत नाहीं, कारण शेवटला अध्याय आमचाच आहे. वीज आली, ती यावयासच हवी होती. मग खांबांना हिरवा तेलरंग लागला. परसांत पक्की न्हाणी व शौचकूप झालें. पुढें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचें मातीच्या धाब्याचें ओझें अंगावर येऊन हजारों माणसें झोपेंतच गेलीं. आमची हिंगणी तेथून कितीतरी दूर आणि आमचें छप्पर धाब्याचें नव्हे, हलक्या कवेलूंचें. परंतु मातीचें घर म्हणजे मरण, ही समजूत त्या हिवाळ्यांत आमच्याकडेही घरोघर शिरली. वडिलांनीं भविष्यनिर्वाहनिधींतून पैसे काढले आणि आंतूनबाहेरून सर्व भिंतींना सिमेंटाचा गिलावा करविला. त्यांना त्या रात्रीं प्रथमच स्वस्थ झोंप लागली असें आमची आई सांगत असे. ज्या गिलाव्यानें त्यांना झोंप आली, तो फोडतांना आमच्या हाताला थोडा कंप सुटला, हें कबूल करणें भाग आहे.

आमचा स्वतःचा पराक्रम याहून मोठा. वडील गेल्यावर आम्हां भावांना घर सोडून शहरांत राहिल्याची जी रुखरुख होती, ती आम्हीं वस्तु पाठवून भागविली. माजघरांत आरशासारख्या चकचकीत फरश्या बसविल्या. तुळया जुनाट दिसतात म्हणून त्यांखालीं प्लास्टर ऑफ पॅरिसचें खोटें छत टांगलें आणि त्यांत बारा दिवे लपविले. लांकडी खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावल्या. चौकांत पाऊस येतो म्हणून चौकावर पन्हळी पत्रा टाकला. म्हणजे ज्या वाटेनें तापलेली हवा वर निघून जात असे, ती वाट आम्हीं झांकून टाकली आणि मग उकडूं लागलें म्हणून वातानुकूलक यंत्र विकत घेतलें. दिंडीचा जुना दरवाजा जुन्या लांकडाच्या व्यापाऱ्यास विकला. किती रुपयांस, तें लिहिण्याचें धैर्य आम्हांस नाहीं.

भिंतींनीं प्रथम तक्रार केली. जोत्यापासून कंबरेइतक्या उंचीपर्यंत रंगाला फोड येऊं लागले. फोड फुटले कीं आंतून मिठासारखा पांढरा लोणा झडे. आम्हीं दुसरा रंग दिला, तोही फुगला. एका ठेकेदारानें पाणी अडविणारें रसायन फासलें आणि दहा वर्षांची हमी दिली. ती दोन पावसाळेही टिकली नाहीं. खरें कारण कळावयास आम्हांस एक म्हातारे गवंडी भेटावे लागले. मातीची भिंत जमिनींतून थोडें पाणी सदैव ओढीत असते आणि तें अंगावाटे हवेंत सोडीत असते. तिच्यावर माती किंवा चुना असला तर हें येणेंजाणें बिनबोभाट चालतें. सिमेंट त्या मानानें घट्ट व ताठर. तें ओलावा आंत कोंडतें, पाणी वर वर चढतें, त्याबरोबर क्षार चढतात, आणि मातीची भिंत सिमेंटाच्या कवचांत आंतल्या आंत विरघळूं लागते. यांत सिमेंटाचा दोष नाहीं. जोसेफ अ‍ॅस्पडिन यानें १८२४ सालीं इंग्लंडांत ज्याचें पेटंट घेतलें आणि १९१४ सालीं पोरबंदरास ज्याचा कारखाना सुरू झाला, त्या या पदार्थानें धरणें बांधलीं, पूल बांधले. त्याबद्दल आम्हांस कृतज्ञताच आहे. पण धरणाचें काम पाणी अडविणें, आणि आमच्या भिंतीचें काम पाणी जाऊं देणें. दोघांना एकच अंगरखा शिवावयाचा, ही आमची चूक.

गवंड्यांनीं छिन्नीनें एक हातभर गिलावा काढला. आंतली माती ओल्या गुळासारखी होती. त्यांनीं ती बोटानें उकरली, हुंगली आणि म्हणाले, "भितीले आधीं वाळूं द्या, मंग लिंपू." वाळण्यास उन्हाळाभर लागला.

या उन्हाळ्यांत घरांत दोन पक्ष पडले. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा वास्तुशास्त्र शिकतो. त्यानें सर्व घर मोजून मूळ नकाशा कागदावर उतरविला आणि जें जें त्या नकाशांत नव्हतें त्यावर तांबडी फुली मारली. आमचा ओढा त्याच्याकडे होता. दुसऱ्या पक्षांत आमच्या काकू एकट्याच होत्या. त्यांचें वय ब्याऐंशी; १९६२ सालीं त्या या घरांत सून म्हणून आल्या आणि तेव्हांपासून हें घर सोडून त्या महिनाभर कधीं कोठें राहिल्या नाहींत. आम्ही सर्व पाहुणे. घरांत राहणाऱ्या काय त्या त्याच.

पहिला खटका जमिनीवरून उडाला. चकचकीत फरशी काढण्यास काकूंची ना नव्हती. तिच्यावरून त्या दोनदां घसरल्या होत्या. परंतु तिच्या जागीं पूर्वींसारखी शेणानें सारवलेली जमीन करावयाची, असें आम्ही म्हणालों तेव्हां त्यांनीं निवडण्याचें सूप खालीं ठेवलें.

"सारवणार कोण?"

आम्ही म्हणालों, गांवांत कोणी बाई मिळेल.

"अरे, मिळेल तिलाही गुडघे आहेत. मी चाळीस वर्षें सारवलंय. तुला सारवलेली जमीन आठवते. मला सारवणं आठवतं. जुनं घर तुमचं आणि जुनं काम आमचं, अशी वांटणी करूं नको."

यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. माजघर, स्वयंपाकघर आणि चौक यांत शेवटीं शहाबादी फरशी बसली. ती मूळची नव्हे, पण ती दगड आहे, ओलावा अंगाखालून जाऊं देते आणि ओल्या फडक्यानें पुसली जाते. ओसरी तेवढी मातीची ठेवली, आणि ती सारवण्याची जबाबदारी आम्हीं स्वतः पत्करली. आमचें सारवण काकू पाहतात आणि न बोलतां पुढें जातात; शाळेंत गणिताचे मास्तर आमची वही अशीच मिटीत असत. स्वयंपाकघरांतील गॅस, ओटा व धूर ओढणारा पंखा यांस हातही लावला नाहीं. चुलीचें चित्र नकाशांत काढावयास फार सुंदर दिसतें. काकूंच्या डोळ्यांना धुरानें जें केलें तें मात्र नकाशांत येत नाहीं.

याच सुमारास आम्ही पुतण्यास घेऊन सेवाग्रामास गेलों. पूर्वीं शाळेच्या सहलींतून तें स्थान पाहिलें होतें, पण घर म्हणून पाहिलें नव्हतें. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर त्या गांवीं राहावयास आले. तेव्हां त्याचें नांव शेगांव. सेवाग्राम हें नांव १९४० सालचें. बापूकुटीच्या भिंती मातीच्या, छप्पर कवेलूंचें, आधार बांबूंचा व लांकडाचा. मीराबेननीं भिंतीवर मातीनेंच उठविलेलीं ताडाचीं झाडें आणि चरखा अजून तेथें आहे. गांधीजी १९४६ सालीं तेथून गेले ते परत आले नाहींत, आणि तरीही ती कुटी उभी आहे. कारण तिची डागडुजी थांबत नाहीं. मातीचें घर एकदां बांधून संपत नाहीं, हें तेथें समजतें. पण आमचें लक्ष वेधलें तें दुसऱ्याच वस्तूनें. त्या मातीच्या वास्तूंत व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या काळीं बसविलेला टेलिफोन आहे. पुतण्याच्या नियमाप्रमाणें त्यावर तांबडी फुली पडावयास हवी होती. टेलिफोनानें कुटीचें कुटीपण कमी झालेलें आम्हांस दिसलें नाहीं. त्यासाठीं कोणी भिंतीचा श्वास कोंडला नव्हता.

परततांना पुतण्यानें हा वाद पश्चिमेकडे पूर्वींच होऊन गेला असल्याचें सांगितलें. फ्रान्समध्यें व्हियोले-ल-द्युक नांवाच्या वास्तुशास्त्रज्ञाचें मत असें कीं, जीर्णोद्धार करावयाचा तो इमारतीला परिपूर्ण रूप देण्यासाठीं, मग तें रूप पूर्वीं कोणत्याही एका काळीं अस्तित्वांत नसलें तरी चालेल. उलट इंग्लंडांत जॉन रस्किन यांनीं १८४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अशा जीर्णोद्धारास असत्य ठरविलें; आणि १८७७ सालीं विल्यम मॉरिस यांनीं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं संस्था काढली, ती मुख्यत्वें अशासाठीं कीं, मूळ रूप दाखविण्याच्या उत्साहांत लोक देवळांच्या भिंतींवरील शतकांचे थर खरवडून काढीत होते. हेच ते रस्किन, ज्यांचें दुसरें एक पुस्तक १९०४ सालीं दक्षिण आफ्रिकेंत आगगाडींत वाचून गांधीजींचें आयुष्य पालटलें. पुतण्या व्हियोले-ल-द्युकच्या बाजूचा आहे. त्याचें वय पाहतां तें योग्यच म्हटलें पाहिजे.

खरवडण्याचा प्रश्न आमच्याकडे दोन ठिकाणीं आला. पहिला स्वयंपाकघरांत. तेथील एका कोपऱ्यांत दाराआडची भिंत सिमेंटाच्या तावडींतून सुटली होती. तिच्यावर नुसते रंगाचे थर चढले होते. गवंडी ते पत्रीनें काढीत असतां खालच्या निळसर सफेदीवर गेरूच्या उभ्या रेघा दिसूं लागल्या. पांच पांचांच्या जुड्या, मध्यें कोठें आडवी रेघ, कोठें एक टिंब. आम्हांस वाटलें मुलांचा खेळ. काकूंना बोलाविलें. त्यांनीं चष्मा लावून पाहिलें आणि म्हणाल्या, "हा दुधाचा रतीब. सासूबाईंचा." आमच्या आजींना लिहितां वाचतां येत नव्हतें, हें आम्हांस ठाऊक होतें, त्या हिशेब ठेवीत, हें ठाऊक नव्हतें. एक रेघ म्हणजे एक शेर. टिंब म्हणजे त्या दिवशीं गवळी आला नाहीं. कचेरींतल्या चोपड्या मालगुजारीबरोबर गेल्या, त्यांतलें एक पान आज घरांत नाहीं; घराचा एवढाच जमाखर्च उरला आहे. पत्री तेथें थांबली. तो हातभर तुकडा तसाच आहे. भोंवतालची नवी सफेदी त्याच्या कडेशीं थोडी वेडीवांकडी थांबते. तें चांगलें दिसत नाहीं असें पुतण्याचें म्हणणें आहे.

दुसरा प्रश्न खिडकीचा. माजघरामागें बळदाला लागून एक लहान खोली आहे. तिला मूळची खिडकी नाहीं; जी आहे ती मागाहून भिंत फोडून केलेली, लोखंडी गजांची, सिमेंटाच्या चौकटीची, आणि आजूबाजूच्या कशाशींही न जुळणारी. तांबड्या फुल्यांत ती पहिल्या क्रमांकावर होती. गवंड्यांनीं ती बुजविण्यासाठीं मातीचे गोळेही करून ठेवले होते. त्या सकाळीं काकू खोलीच्या उंबरठ्यावर येऊन बसल्या आणि उठेनात. मग त्यांनीं जें सांगितलें, तें आमच्या वडिलांनीं आम्हांस कधींही सांगितलें नव्हतें.

त्या खोलींत वडिलांच्या आत्या राहत. अकराव्या वर्षीं लग्न, तेराव्या वर्षीं वैधव्य, केशवपन, तांबडें अलवण; आणि मग सबंध आयुष्य बळदाच्या शेजारीं. घरांतील बाळंतपणें त्याच खोलींत होत, तेवढ्यापुरती त्यांची वळकटी माजघराच्या कोपऱ्यांत जाई आणि बाराव्या दिवशीं परत येई. दिवसा दिवा लावल्याशिवाय तेथें कांहीं दिसत नसे, आणि दिवसा दिवा लावणें ही उधळपट्टी गणली जाई. वडिलांना नोकरी लागली तेव्हां पहिल्या पगारांत त्यांनीं कोणास न विचारतां वडार बोलावून ती भिंत फोडली. आजोबांनीं, भिंतीचा जोर जाईल, असें म्हणून आठ दिवस अबोला धरला. खिडकींतून दिसे काय, तर परसांतली विहीर आणि एक लिंब. पण विहिरीवर कोण आलें, कोणाच्या घरीं पाहुणे आहेत, हें घरांत प्रथम आत्यांना कळूं लागलें. "त्या उजेडांत बसून कापसाच्या वाती वळत," काकू म्हणाल्या. "मी आले तेव्हां त्या म्हाताऱ्या झालेल्या. मला म्हणायच्या, हें माझं माहेर, या खिडकीपासून."

हें घर अति नवें झालें, असें आम्ही तीन वर्षें म्हणत होतों. या घरांत प्रथम जें नवें आलें तें हें होतें. तिची सिमेंटाची चौकटही आम्हीं बदलली नाहीं.

यानंतर नकाशाकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों, आणि ओसरीपुढच्या ओट्याचा निकाल लागावयास वेळ लागला नाहीं. दिंडीच्या बाहेर, रस्त्याच्या पातळीला, एक ठेंगणा ओटा पूर्वीं होता. तो पुढें काँक्रीटच्या पायऱ्यांखालीं गेला. नकाशांत तो ठळक होता. तो कशासाठीं होता, हें घरांतील सर्वांस ठाऊक आहे आणि कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. ज्यांना ओसरीवर येण्याची मनाई होती, ते आपले अर्ज व गाऱ्हाणीं घेऊन तेथें बसत, आणि त्यांच्या ओंजळींत पाणी वरून ओतलें जाई. वर्ध्याचें लक्ष्मीनारायणाचें मंदिर जमनालाल बजाजांनीं १९२८ सालीं सर्वांस खुलें केलें. आमच्या घरापर्यंतचे तेवढे मैल चालून यावयास त्या विचाराला आणखी पुष्कळ वर्षें लागलीं. पायऱ्या ओबडधोबड आहेत, तरी त्या तशाच राहिल्या आहेत, आणि त्यांवरून सगळे सारखेच चढतात. आमचे म्हातारे गवंडी प्रथम आले तेव्हां पायऱ्यांपाशीं क्षणभर कां थांबले होते, तें आम्हांस त्या ओट्याचा विचार करतांना उमगलें.

प्रत्यक्ष कामाची हकीकत थोडक्यांत सांगतां येण्यासारखी आहे, जरी तींतच आमचें सर्वांत अधिक सुख होतें. पांढऱ्या मातींत गव्हाचें भूस व शेण मिसळून तो चिखल आठ दिवस कुजविला. रोज तुडवावयाचा आणि झांकून ठेवावयाचा. कुजलेल्या चिखलाला जो वास येतो त्याबद्दल शेजाऱ्यांची क्षमा मागितली. तोच लेप आंतील भिंतींना दिला. बाहेरच्या बाजूस आणि जोत्याच्या दरजांत चुना. कळीचा चुना खड्ड्यांत विरवला, तो उकळतांना मुलांना लांब उभें केलें. मग महिनाभर पाण्याखालीं निजूं दिला. पूर्वीं बैलाच्या घाणींत चुना मळीत. आतां ना घाणी ना बैल, म्हणून यंत्रांत मळला. त्यांत गवंड्यांनीं गूळ, हिरड्याचें पाणी आणि बेलफळाचा गर घातला. चुना हवेंतील कार्बनचा वायु शोषून पुन्हां दगड होत जातो आणि यास घाई चालत नाहीं. भिंत रोज ओली ठेवून वाट पाहावी लागते. खांबांवरचा हिरवा तेलरंग काढावयास दोन सुतारांस दीड महिना लागला. खालचा साग मधाच्या रंगाचा निघाला. त्याला आमच्याच शेतांतील जवसाचें तेल चोळलें. खोटें छत काढतांना तुळईला झोपाळ्याच्या चार कड्या तशाच असलेल्या आढळल्या, आणि छतावर एका मांजरीचें बिऱ्हाड. मागची पक्की न्हाणी व तिच्यावरची गच्ची जशीच्या तशी ठेवली आहे. चौकावरचा पत्रा गेला. पहिल्या पावसांत तुळस भिजली आणि आमची एक सतरंजीही भिजली.

दरवाज्याचा प्रश्न मात्र सुटला नाहीं. आमचा दरवाजा कोठें गेला याचा पत्ता लागेना. शोधतां शोधतां एका व्यापाऱ्याच्या गुदामांत पोंचलों. तेथें वाड्यांचे वाडे भिंतीला टेकून उभे होते. कमळें कोरलेल्या चौकटी, पितळी फुल्यांचे दरवाजे, हंड्या, कडीपाटाचीं लांकडें. व्यापाऱ्यानें एक अप्रतिम दरवाजा दाखविला आणि, शहरांतल्या उपाहारगृहासाठीं ठेवला होता, पण तुमचा वाडा खराच जुना आहे म्हणून तुम्हांस देतों, असें सांगितलें. पुतण्याचे डोळे लकाकले. आमचेही लकाकले असावेत. त्या दरवाज्याच्या आंतल्या बाजूस, कडीच्या खालीं, खडूनें काढलेलें एक लहान स्वस्तिक पुसट दिसत होतें. कोणाच्या तरी घरच्या दिवाळीचें. तो दरवाजा आम्हीं घेतला नाहीं. गांवच्या सुताराकडून सागाचा साधा, बिनकोरीव दरवाजा करवून घेतला, त्याला दिंडी ठेवली आणि आडव्या अडसराची सोयही केली. तो नवा आहे आणि नवाच दिसतो.

कवेलूंची चिंता निराळी. आमच्या लहानपणीं गांवचे कुंभार कवेलू घडवीत. आतां गिऱ्हाईक नाहीं म्हणून कोणी घडवीत नाहीं, आणि मोडलेल्या घरांवरून उतरलेले कवेलू शोधीत फिरावें लागतें. रानांतून वानरांच्या टोळ्या येतात आणि छपरावरून छपरावर उड्या मारतात; लोकांनीं कवेलू काढून पत्रे घातले त्याचें खरें कारण वानरें, फॅशन नव्हे, हें आम्हांस एका उन्हाळ्यांत पटलें. परवां दुपारीं अशीच एक टोळी आली. काकू चौकांत लिंबाची डहाळी घेऊन उभ्या होत्या आणि आम्ही ओसरीवर थाळी वाजवीत होतों. एकवीस कवेलू फुटले. सेलूच्या वाटेवर एक जुनें घर पाडतात असें कळलें आहे, तेथें उद्यां बैलगाडी पाठवावयाची आहे. शाकारणारा माणूस मृगापूर्वीं येतों म्हणाला आहे, आणि मृगास आतां नऊ दिवस उरले आहेत.